मलिदा आणि नाबोथचा मळा

मराठी बातम्यांमध्ये ‘मलिदा’ हा शब्द हल्ली एकाच अर्थानं येतो. अमक्या टेंडरमधला मलिदा तमक्यानं लाटला, रस्त्याच्या कामात वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी मलिदा खाल्ला. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यातल्या बेने इस्राएल घरांत मात्र मलिदा म्हणजे परातीतले भिजवलेले पोहे. त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळं. लग्न ठरलं, मूल झालं, दुखण्यातून माणूस उठला, परदेशी जायला निघाला की परात मांडायची, हिब्रू प्रार्थना म्हणायच्या, एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं, आशीर्वाद मागायचा आणि मग सगळ्यांनी खायचं. ‘हन्नाबी’ म्हणजे संदेष्टा. एलियाहू हा बायबलमधला एलीया. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला, गिलादच्या डोंगराळ भागातून आलेला, अंगावर केसाळ वस्त्र आणि कमरेला चामड्याचा पट्टा असलेला माणूस.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच तालुक्यात सुखानं नांदतात, हीच माझी तक्रार आहे. ज्याच्या नावानं पहिला मलिदा वाटला जातो, तो माणूस आयुष्यभर दुसऱ्या मलिद्यावर उठलेला होता, हे आपण विसरलो आहोत. ‘आपण’ म्हणजे कोण, तेही सांगतो. बेने इस्राएल लोकांबद्दल मी बोलत नाही. त्यांचा नवस, त्यांची परात, त्यांची प्रार्थना. मी बोलतोय बाकीच्या आपल्याबद्दल. कोकणातल्या यहुद्यांवर रील काढणारे, ‘हेरिटेज वॉक’ करणारे, वर्षातून एकदा ‘सलोख्याची परंपरा’ या मथळ्याखाली लेख लिहिणारे आपण.

त्या लेखांचा साचा तुमच्या ओळखीचा असेल. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम करत नसत म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. भारतात त्यांना कधी कुणी त्रास दिला नाही. मग पेणचं बेथ हा-एलोहिम सिनेगॉग, १८६३ सालचं, त्याचा एक फोटो. मग अलिबागजवळचं खंडाळा (घाटातलं नव्हे) आणि तिथला एलियाहूच्या रथाची खूण मानला जाणारा खडक. शेवटी मलिद्याची परात, वरून काढलेला शॉट, मागे बासरी. संपलं. आपण किती चांगले होतो, याचं प्रमाणपत्र आपणच आपल्याला दिलेलं असतं, आणि त्यावर सही मात्र त्या संदेष्ट्याची.

यात खोटं फारसं काही नाही. पण असला गोड एलिया बायबलमध्ये कुठेच सापडत नाही.

राजांच्या पहिल्या पुस्तकात तो येतो तो थेट राजासमोर. कुळ-मूळ नाही, बालपण नाही, साक्षात्काराची गोष्ट नाही. येतो आणि अहाब राजाला सांगतो की मी म्हणेपर्यंत पाऊस पडणार नाही. मग पसार होतो. दुष्काळ पडतो. तो राहतो कुठे? आधी एका ओढ्याकाठी, आणि ओढा आटल्यावर परक्या मुलखात, सारफथ गावात, एका विधवेच्या घरी. ती त्याच्या धर्माची नाही, जातीची नाही, राणीच्याच मुलखातली आहे. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि बुधल्यात चमचाभर तेल उरलंय. काटक्या गोळा करून शेवटची भाकरी भाजायची, मुलासोबत खायची आणि मरायचं, असा तिचा बेत आहे. तो तिच्याकडे आधी स्वतःसाठी भाकरी मागतो. वाचताना राग येतो त्याचा. पण ती देते आणि दुष्काळ संपेपर्यंत ते पीठही सरत नाही, तेलही सरत नाही. घाण्यावर जगणाऱ्या माणसांना न सरणाऱ्या तेलाचा हा बुधला कसा वाटला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याला काही पुरावा नाही, असू दे. पुढे त्या बाईचा मुलगा मरतो, तेव्हा एलिया देवाशी भांडतो. जिनं मला आसरा दिला तिच्यावरच हे संकट का, असं सरळ विचारतो. मुलगा उठून बसतो. कोकणात लेकराच्या दुखण्यातून उठल्यावर त्याच्या नावानं परात मांडतात, ती या घरची आठवण असेल तर ती अगदी योग्य घरची आहे.

तिसऱ्या वर्षी तो पुन्हा अहाबसमोर उभा राहतो. राजा त्याला पाहताच म्हणतो की देशाला त्रास देणारा तो तूच ना. देशात दुष्काळ, राजा स्वतः घोड्या-खेचरांसाठी गवत शोधत फिरतोय, आणि देशाला त्रास कुणामुळे? तर बोलणाऱ्यामुळे. आज या शिवीला वेगळे शब्द आहेत. विकासविरोधी, आंदोलनजीवी, बाहेरून आलेला. एलियाचं उत्तर सरळ होतं. त्रास मी नाही देत, तू आणि तुझं घराणं देतंय.

इथे एक गोष्ट लपवली तर हा लेखही त्या रीलसारखाच होईल. कर्मेल डोंगरावर बआलच्या साडेचारशे पुजाऱ्यांशी त्याची पैज लागते, आकाशातून आग येते, तो जिंकतो, आणि मग त्या पुजाऱ्यांना खाली किशोन ओढ्यावर नेऊन ठार करतो. रूपक वगैरे काही नाही, सरळ कत्तल. या प्रसंगापुढे मी हात जोडत नाही. दुसऱ्याचा देव खोटा ठरला म्हणून त्याच्या माणसांना मारायचं, हे कोकणात काय, कुठेच कुणी उचलू नये. पण ग्रंथ स्वतः काय करतो ते बघा. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय, आणि पुढच्याच पानावर तो जीव मुठीत धरून पळतोय. राणी ईजबेलनं नुसता निरोप पाठवलाय की उद्या या वेळेपर्यंत तुझंही तसंच करते. हा वाळवंटात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आता पुरे, मी माझ्या बापजाद्यांपेक्षा काही वेगळा नाही, असं म्हणून झोपून जातो. कुणी त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो. परत उठवतो, परत खायला देतो. जे रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात हे वाचत असतील, त्यांना या प्रसंगाचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

पुढे होरेब डोंगरावरच्या गुहेत वारा येतो, भूकंप होतो, आग येते, आणि देव यांतल्या कशातच नसतो. कर्मेलवर आगीनंच जिंकलेल्या माणसाला हे ऐकायला लागतं. सगळ्यात शेवटी येतो एक अगदी हळू आवाज, आणि तो विचारतो, तू इथे काय करतोयस? एलिया म्हणतो, मी एकटाच उरलोय. उत्तर मिळतं की एकटा नाहीस, सात हजार आहेत, आणि ऊठ, काम पडलंय.

पुढे येतं ते नाबोथचं प्रकरण. माझं सगळं म्हणणं या एका प्रकरणाबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

इज्रेल गावात अहाबच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या शेतकऱ्याचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. लक्षात घ्या, राजा जुलमी दिसत नाही. तो जबरदस्ती करत नाही. प्रस्ताव देतो, आणि प्रस्ताव चांगला आहे. याहून बरा मळा देतो, नाहीतर रोख मोबदला घे. आजच्या भाषेत, बाजारभाव किंवा पर्यायी जमीन. नाबोथ नाही म्हणतो. ही वाडवडिलांची जमीन आहे, देव करो आणि माझ्या हातून ती न जावो. भाव वाढवून मागत नाही. त्याला विकायचीच नाही. मोशेच्या नियमशास्त्रात जमीन कायमची विकताच येत नव्हती, कारण जमीन देवाची, माणूस तिच्यावर पाहुणा. म्हणजे नाबोथ अडवणूक करत नव्हता, तो कायदा पाळत होता.

राजा घरी जातो, भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडतो, जेवत नाही. रुसलेला राजा. ईजबेल विचारते, या देशात राज्य तुम्हीच करता ना? उठा, जेवा, मळा मी मिळवून देते. ती राजाच्या नावानं पत्रं लिहिते, त्याचाच शिक्का मारते आणि नाबोथच्या गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवते. उपास जाहीर करा, सभा भरवा, नाबोथला मानाच्या जागी बसवा. समोर दोन नालायक माणसं बसवा, त्यांनी साक्ष द्यावी की यानं देवाची आणि राजाची निंदा केली. मग बाहेर नेऊन दगडांनी मारा.

सगळी पापं राणीच्या माथी मारायची सवय आपल्याला कैकेयीपासून आहे, म्हणून सांगतो, एलिया जाब राजालाच विचारतो. आणि मला तर राजा-राणीपेक्षा मधली माणसं जास्त दिसतात. पत्र मिळाल्यावर त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी काय केलं? पत्रात लिहिलं होतं तसंच केलं. कुणी विचारलं नाही की हे काय. नाबोथ त्यांचा शेजारी होता. त्याच्या बांधाला बांध लागून कुणाची तरी जमीन असेल. सभा रीतसर झाली, साक्षीदार दोन होते, कायद्याला लागतात तेवढेच. उपास होता, म्हणजे वातावरणही धार्मिक. कागद पुरा. कुठल्याही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, फाइल स्वच्छ मिळेल.

अहाब उठतो आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघतो. आणि तिथे, ताब्याच्या जागेवर, एलिया उभा असतो. देवळात नाही, डोंगरावर नाही, दरबारातही नाही. शेतात. राजा म्हणतो, शत्रू, गाठलंस का मला? हा विचारतो की खून करून वर जमीनही घेतलीस का.

आता पेणला येऊ या.

आमच्याकडे कुणी कुणाला दगड मारले नाहीत, आणि तसं सुचवायचंही नाही. पण जमिनीला नकार देणाऱ्या माणसाचं काय होतं, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकायची गरज पडलेली नाही. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलची जमीन मागितली गेली तेव्हा प्रस्ताव अहाबच्या प्रस्तावाइतकाच चांगला होता. पैसे, नोकऱ्या, विकसित भूखंड. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणमधल्या २२ गावांत सरकारनं शेतकऱ्यांचा कौल घेतला. मतदान यंत्र नव्हतं, पक्षाचं चिन्ह नव्हतं. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. गावंच्या गावं ‘नाही’ म्हणाली. पुढे ते भूसंपादन बारगळलं. प्रा. एन. डी. पाटील तेव्हा या लढ्यात पुढे होते. त्यांना देशाला त्रास देणारा म्हणणारे कमी नव्हते.

त्याआधी, १९३३ साली, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या कुळांनी खोतांची शेती करायचं बंद केलं. सहा वर्षं. भात पिकवणाऱ्या माणसांनी सहा वर्षं भात पिकवलं नाही. जंगलातली लाकडं विकली, कंदमुळं खाल्ली, पण संप मोडला नाही. एलियाचा दुष्काळ आकाशातून आला होता. हा शेतकऱ्यांनी स्वतः आणला, आणि खोतांना आणि सरकारला त्यापुढे वाकावं लागलं.

आणि आता तिसरी मुंबई. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. यावर टोकाची मतं असू शकतात. नवं शहर नकोच, असं मी म्हणत नाही. गावातल्या पोरांना नोकऱ्या हव्यात, मलाही हव्यात. मी विचारतोय तो प्रश्न छोटा आहे. ज्याला विकायचं नाही, त्याचं काय? प्रत्येक योजनेत देणाऱ्यासाठी रकाना असतो. किती टक्के परत मिळेल, कुठे मिळेल. नाबोथसाठी रकाना नसतो. त्याचं ‘नाही’ म्हणजे अजून भाव ठरलेला नाही, असंच वाचलं जातं. चहाच्या टपरीवरच्या एजंटपासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना खात्री असते की नाबोथ आकड्यासाठी थांबलाय.

आणि मग येतात गावचे वडीलधारे. पत्र शिक्क्यानिशी येतं, पण साक्षीदार गावातलेच लागतात. सामाईक सातबाऱ्यावरचा मुंबईला गेलेला चुलतभाऊ, ज्याला बांध कुठला तेही आठवत नाही, तो आधी सही करतो. मग उरलेल्याला सांगायचं की तुझ्यामुळे सगळ्यांचं अडलंय. सभेत मानाच्या खुर्चीवर बसवून सांगायचं. माणूस मरत नाही यात. गावात एकटा पडतो.

याच तालुक्यात एलियाहूचं नाव इतकी वर्षं घेतलं गेलंय. बेने इस्राएलांनी आडनावं कुठून घेतली बघा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, नवगावकर, केहीमकर. जगभरचे यहुदी ज्या देशांत गेले त्यांतल्या अनेक ठिकाणी त्यांना जमिनीपासून दूर ठेवलं गेलं. इथे गावच नावाला चिकटलं. आज बहुतेक घरं इस्राएलला किंवा मुंबई-ठाण्याला गेली, पण वाक्रुळ गाव कुणाच्या तरी पासपोर्टवर आडनाव म्हणून फिरतंच आहे. नाबोथ ज्याला वाडवडिलांचं वतन म्हणाला ते याहून वेगळं काय असतं?

कुणी म्हणेल, तुम्ही लोकांच्या भक्तीत राजकारण घुसवताय. त्यांनी शांत, आशीर्वाद देणारा एलियाहू जपला, तर तुम्हाला काय त्रास? त्रास नाही. यहुदी परंपरेतच तो राजाच्या शत्रूपासून घरच्या पाहुण्यापर्यंत पोचलेला आहे. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची ठेवतात, वल्हांडणाच्या रात्री त्याचा पेला भरून ठेवतात. तालमुदातल्या गोष्टींत तो वेष बदलून गरिबांच्या मदतीला येतो. मूठभर लोक परक्या किनाऱ्यावर शतकानुशतकं जगतात, तेव्हा त्यांना दारात येणारा एलियाहू लागतो, राजाला शाप देणारा परवडत नाही. हे समजण्यासारखं आहे. परवडत नाही ते आपल्याला, बहुसंख्यांना, नव्हे. आपण निव्वळ सोयीसाठी त्याला मवाळ केलंय, आणि सोबत त्याच्या लोकांनाही.

कारण ते लोकही काही नुसते मवाळ नव्हते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये पोचलेल्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी तिथल्या भेदभावाविरुद्ध तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काही जण खरंच परत आले. १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, तुमचं यहुदीपण तपासावं लागेल असं सांगितलं, तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये संसदेला त्यांच्या बाजूनं बोलायला लावलं. सलोख्याच्या लेखांत हे कधी वाचलंय? नाही वाचलेलं, कारण ते ‘आपण किती चांगले’ या गोष्टीत बसत नाही. आणि इस्राएल हा शब्द आला की कमेंटमध्ये जे युद्ध सुरू होतं, त्यांच्यासाठी एवढंच: जमिनीचा प्रश्न तिथेही जरूर विचारा. एलियानं तो स्वतःच्याच राजाला विचारला होता.

या गोष्टी मराठीत नव्हत्या असंही नाही. जॉन विल्सन यांचं मराठीतून लिहिलेलं हिब्रू व्याकरण १८३२ सालचं. १८८०च्या सुमारास बेने इस्राएलांनी चक्क कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं आपलं, आणि आख्यान तनाखमधलं. त्या कीर्तनकारांत ठळक नाव बेंजामिन शिमशोन अष्टमकरांचं. आडनावात रोह्याशेजारचं अष्टमी. मराठी कीर्तन म्हणजे निव्वळ गोडवा नसतो, हे कीर्तनाला बसलेल्या कुणालाही माहीत आहे. उत्तररंगात बुवा पुढच्या रांगेतल्या सावकाराकडे बघून बोलतो. नाबोथचं आख्यान त्या साच्यात काय रंगेल.

खंडाळ्याच्या खडकावर रथाची चाकं आणि घोड्याचे टाप शोधत हल्ली माणसं मोबाइल घेऊन वाकलेली दिसतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. ग्रंथाप्रमाणे तो अग्निरथ यार्देन नदीपलीकडून गेला, पण कोकणानं त्याला आपल्या खडकावरून नेला, ही माया आहे, आणि मला ती आवडते. फक्त तो खडक म्हणजे तो निघून गेल्याची जागा. तो जिथे येऊन उभा राहिला होता ती जागा म्हणजे मोजणीचे दगड रोवलेलं शेत. त्याची रील कुणी काढत नाही.

गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. एलियाचा शाप ऐकून अहाब घाबरला. त्यानं कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, हळू चालू लागला. देवानं त्याची शिक्षा त्याच्या मुलाच्या कारकिर्दीपर्यंत पुढे ढकलली. राजाच्या पश्चात्तापाची नोंद झाली. मळा परत केल्याची नोंद मात्र कुठेच नाही. कुणाला परत करणार, हे कळायला दुसरं पुस्तक उघडावं लागतं. तिथे बरंच पुढे, दुसऱ्याच एका प्रसंगात, एक सेनापती जाता जाता सांगतो की नाबोथसोबत त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. वारसनोंदीला कुणी उरलंच नव्हतं.